चोरी कुणाची, हात कुणाचे?

सॅम्पलिंग म्हणजे चोरी, असं नाक वर करून सांगणारे पांढरपेशे रसिक मला जागोजागी भेटतात. दुसऱ्याच्या रेकॉर्डचा तुकडा उचलायचा, मशीनवर गरागरा फिरवायचा नि वर बडबडायचं, ह्याला काय संगीत म्हणायचं? ठीकाय. चोरीचाच हिशोब मांडू.

१९८९. स्पाइक लीच्या 'डू द राइट थिंग' सिनेमासाठी पब्लिक एनिमीनं 'फाइट द पॉवर' हे सिंगल काढलं. जुन्या रेकॉर्डींचे तुकडे एकावर एक चढवलेले. काळ्या माणसांच्या आवाजाचं गोदाम फोडून रस्त्यावर ओतावं तसं. ब्राँक्समधल्या ज्या पोरांनी सत्तरच्या दशकात हिपहॉप सुरू केलं, त्यांची वाद्यं म्हणजे दोन टर्नटेबल आणि आईबापाच्या रेकॉर्डी. ह्याला चोरी म्हणता?

पण त्या तुकड्यांतला एक ऐका. जेम्स ब्राऊनचं 'फंकी ड्रमर', १९६९ साली रेकॉर्ड झालेलं. मध्येच बाकीचे वादक थांबतात. ड्रमवर एकटा क्लाइड स्टबलफील्ड. ह्या काही सेकंदांवर पुढं शेकडो गाणी उभी राहिली. गाण्यावर नाव ब्राऊनचं. रेकॉर्ड कंपनीची. क्लाइडचे फक्त हात! ह्या सॅम्पलांच्या रॉयल्टीत त्याचा हक्काचा हिस्सा शून्य. कॅन्सर झाला तेव्हा हॉस्पिटलचं बिल गायक प्रिन्सनं गुपचूप भरलं. प्रिन्सचं मन मोठं, पण दान ते दानच. २०१७ मध्ये क्लाइड गेला.

कायदा काय करत होता? १९९१ मध्ये बिझ मार्कीनं गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा तुकडा विनापरवाना वापरला म्हणून न्यूयॉर्कच्या कोर्टात खटला आला. न्यायाधीश डफी ह्यांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या चोरीच्या आज्ञेनं केली. कायद्याच्या पुस्तकाआधी धर्मग्रंथ! ही चाल आपल्याला नवी नाही, दोस्तांनो. तिथून पुढं तुकड्यातुकड्याला परवानगी, परवानगीला पैसा. डझनभर तुकडे रचणं श्रीमंतांचा खेळ झाला. आणि तो पैसा जातो मालकाकडं. वाजवणारा गल्ल्याच्या आसपाससुद्धा नाही.

सत्तेशी लढा म्हणणाऱ्या रॅपरांनाही मी सोडत नाही. क्लाइडचे हात त्यांनीही फुकटच वापरले. तुकडे उचला, बिनधास्त उचला. पण रेकॉर्डच्या कव्हरवर वाजवणाऱ्याचं नाव छापा, आणि परवानगीच्या पैशात त्याचा वाटा कायद्यातच लिहून घ्या. तो जिवंत असताना.