आई, तू बसून राहा!

आमच्या मुलीला नोकरी लागली आणि पहिला पगार हाती पडला. पेढे वाटून झाल्यावर तिने जाहीर केले, "मंगळवारी रात्री सगळ्यांनी सिनेमाला जायचे. आणि जेवण तिथेच, खुर्चीवर बसून!" आम्ही चमकलो. आमच्या लहानपणी सिनेमातले खाणे म्हणजे मध्यंतरात धक्काबुक्की करून मिळवलेला समोसा, आणि तोही दोघा भावंडांत एक.

परदेशात हा प्रकार जुना आहे. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात १९९७ साली 'अलामो ड्राफ्टहाऊस' नावाचे चित्रपटगृह निघाले. तेथे खुर्च्यांपुढे अरुंद टेबल असे. प्रेक्षकाने हवा तो पदार्थ चिठ्ठीवर लिहून ठेवायचा आणि वेटरने पडदा न अडवता, वाकून तो आणून द्यायचा. आपल्याकडे दिल्लीच्या वसंत कुंज भागात २०११ मध्ये 'पीव्हीआर डायरेक्टर्स कट' सुरू झाले. आता मुंबई-पुण्याच्या मॉलमध्येही अशी सोय झाली आहे.

आमच्या आईने मात्र साफ नकार दिला. "मला नगं बाबा. माझं काय काम तिथं?"

तिचा नकार आम्हाला कळत होता. आईचे वय सत्तर. तिच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली असे. चहा प्यायचा आणि आपली आपण विसळून परत जागेवर ठेवायची. अस्पृश्यता पाळणे गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला होता, पण तो त्या हॉटेलापर्यंत पोहोचला नव्हता. पुढे मुंबईत येऊन आईने एका खानावळीत वीस वर्षे भांडी घासली. ताट वाढून तिच्यासमोर कोणी आणावे, असा प्रसंग तिच्या आयुष्यात क्वचितच आला.

शेवटी नातीने हट्ट धरला आणि आजी पांढरी साडी नेसून निघाली.

आत गेल्यावर खुर्ची पाहून ती बिचकली. बटण दाबले की पाठ मागे रेलते आणि पाय वर येतात. "अगं अगं, पडते की!" म्हणून ती ओरडली, मग स्वतःच हसली. एवढ्यात गणवेशातला एक मुलगा आला आणि वाकून म्हणाला, "आजी, काय आणू?" आईने आमच्याकडे पाहिले. "चहा मिळंल?" मिळाला. मुलगा ट्रे घेऊन येताना दिसताच आई उठायला लागली, ट्रे आपणच घ्यावा म्हणून. मुलीने तिचा हात धरला, "आजी, तू बसून राहा."

आजी बसली. चहा घेतला आणि त्या मुलाला विचारले, "तू जेवलास का बाळा?" "शो सुटल्यावर जेवतो, आजी." सिनेमा छान विनोदी होता. आई पोट धरून हसली. पण आमच्या लक्षात राहिला तो तिने घेतलेला तो चहा.

घरी आल्यावर आम्ही संविधानाचे पुस्तक काढले. कलम १५ च्या दुसऱ्या भागात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे एकाच ओळीत लिहिली आहेत. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तेथे कोणालाही अडवता येणार नाही. उपाहारगृह आणि करमणूक, दोन्ही एकाच खुर्चीवर! आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मंग बाबासाहेबांनी आधीच तिकीट काढून ठेवलं व्हतं म्हणायचं."

आता हिशेब, कारण आम्ही पेशाने कारकून. चार तिकिटे प्रत्येकी ५०० प्रमाणे २,००० रुपये. शंभराच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे त्यातले सुमारे ३०५ रुपये कराचे. खाण्याचे १,२०० आणि त्यावर ५ टक्के कर ६० रुपये. एकूण ३,२६०. जातीची भिंत कायद्याने पाडली, पैशाची भिंत उभीच आहे. ती ओलांडण्यासाठी उसनवारी करू नका. वर्षातून एकदा, ठरवून, साठवलेल्या पैशातून जा. शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारी तिकीट बहुधा स्वस्त असते. घरून पोटभर जेवून गेलात आणि तिथे फक्त चहा मागवलात, तरी त्यात कमीपणा नाही.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. अर्धा तास आधी पोहोचा आणि दिवे मालवण्यापूर्वी पदार्थ सांगा. भाव आधी वाचा. विचारायला लाजू नका. रस्सा-पातळ टाळा, अंधारात अंगावर सांडते. बाहेरचे खाणे आत नेऊ न देण्याचा अधिकार चित्रपटगृहाला आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला. पण पिण्याचे पाणी फुकट दिले पाहिजे आणि तान्ह्या बाळाचे खाणे नेऊ दिले पाहिजे, हेही त्यात आले आहे. आम्ही पाणी मागितले, लगेच मिळाले.

शेवटची गोष्ट त्या वेटर मुलाची. तो आपल्यासारख्याच कष्टकऱ्याच्या घरचा असणार. त्याला चुटकी वाजवून बोलावू नका, 'दादा' म्हणा. निघताना आमच्या आईने चारही ताटल्या एकावर एक रचून ठेवल्या. आम्ही म्हटले, "आई, ते काम त्यांचे आहे." ती म्हणाली, "ठावं हाय मला. म्हणूनच रचल्या. त्याचा हात हलका व्हतो."