आधी ओपीडी पाहा

सीईटी सेलच्या फेऱ्या सुरू झाल्या, की आपल्याकडे दात दाखवायला येणाऱ्यांबरोबर पसंतीक्रम दाखवायला येणारेही वाढतात. मुलीला बीडीएस मिळेल इतके गुण आहेत. एकीकडे जुने कॉलेज आहे. त्याची फी कमी, पण भिंतींचे पोपडे निघालेले आणि शहर घरापासून लांब. दुसरीकडे अलीकडेच सुरू झालेले कॉलेज आहे. तिथे फी कितीतरी पट, पण वातानुकूलित क्लिनिक, नवी फँटम हेड्स, स्कॅनर आणि देखणे वसतिगृह. ‘डॉक्टर, तुमची मुलगी असती तर कुठं घातलं असतं?’ असे पालक विचारतात आणि आपण बहुतेक वेळा ‘दोन्ही चांगली आहेत, शेवटी मुलीच्या कष्टावर असतं’ असे म्हणून मोकळे होतो. आतली माहिती असलेल्या माणसाने असे उत्तर देणे बरोबर नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. जुने, कमी फीचे कॉलेज मिळत असेल, तर तेच घ्यायला सांगावे. नव्याची शिफारस करायची असेल, तर त्याची ओपीडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय करू नये.

चार वर्षे अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप यांतली पहिली दोन वर्षे कुठेही साधारण सारखीच जातात. मेणातून दात कोरणे, डेंटल मटेरियल्स, प्री-क्लिनिकलचे काम चांगला शिक्षक कोणत्याही इमारतीत शिकवतो. फरक पडतो तो तिसऱ्या वर्षापासून, समोर हाडामांसाचा माणूस तोंड उघडून बसतो तेव्हा. मुंबईचे नायर डेंटल १९३३ पासून चालू आहे. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ चे, बांबोळीचे गोवा डेंटल १९८० चे, छत्रपती संभाजीनगरचे १९८२ चे. इतक्या वर्षांत लोकांच्या पायांना तिथली वाट सवयीची झाली आहे. आजोबांची कवळी जिथे बसवली, तिथेच नातवाचे दुधाचे दात दाखवले जातात. जाहिरात करावी लागत नाही, गावोगाव बस पाठवावी लागत नाही. नागपूरच्या विद्यार्थ्याला खर्रा खाऊन तोंड उघडेनासे झालेले रुग्ण इतके दिसतात, की सबम्युकस फायब्रोसिस पाठ करावा लागत नाही. मोठ्या रुग्णालयाला लागून असलेल्या कॉलेजात अपघाताने जबडा मोडलेला माणूस रात्री दोन वाजताही येतो, आणि ड्युटीवरच्या इंटर्नला तारा बांधताना हाताखाली उभे राहायला मिळते.

नव्या कॉलेजात बहुतेकदा खुर्च्या असतात, पण पेशंट नसतात. मग कोटा पूर्ण कसा होतो, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. विद्यार्थी मावशीला आणतात, वॉचमनला आणतात, लॅबचे पैसे खिशातून भरतात आणि एकाच कवळीच्या पेशंटला दोघांच्या जर्नलमध्ये बसवतात. अशा मुलाच्या हातून इंटर्नशिप संपेपर्यंत जितके दात निघतात, तितके गर्दीच्या ओपीडीत बसणारा मुलगा थोडक्या दिवसांत काढतो. स्कॅनर वापरायला नंतरही शिकता येतो, कंपनीचा माणूस येऊन शिकवून जातो. पण मूळ वाकडे आहे हे फोर्सेप्सच्या पहिल्या हालचालीतच कळणे, बीपीची गोळी न घेता आलेल्या म्हाताऱ्या बाईंना आज भूल न देता परत पाठवणे, हे शिकवायला कुठल्याही कंपनीचा माणूस येत नाही.

जुन्या कॉलेजांची एक उणीव मात्र मान्य केलीच पाहिजे, आणि ती पोपडे निघालेल्या भिंतींपेक्षा गंभीर आहे. जिथे एमडीएसच्या जागा भरपूर, तिथे दाढांचे रूट कॅनाल आणि आडव्या अक्कलदाढा पीजींकडे जातात. बीडीएसच्या वाट्याला स्केलिंग, साधी फिलिंग्ज आणि सक्शन धरणे उरते. नव्या कॉलेजात पीजी नसतात, म्हणजे ही स्पर्धा नसते. पण रात्री आठ वाजता थांबून ‘तुझी वर्किंग लेंग्थ पुन्हा घे’ असे सांगणारा सीनियरही तिथे नसतो. दोन्हींत काय जास्त लागते, असे विचाराल तर आम्ही सीनियर निवडू. विद्यार्थी चिकाटीचा असेल तर पीजीच्या मागे लागून हातात हँडपीस मिळवतो. जिथे पेशंटच नाही, तिथे कोणाच्या मागे लागणार?

कागदपत्रांचीही एक बाब आहे. १९९३ च्या दुरुस्तीपासून केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय नवे दंत महाविद्यालय काढता येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत दरवर्षी परवानगीचे नूतनीकरण लागते आणि पदवीला मान्यता पहिली तुकडी शेवटच्या वर्षाला पोहोचल्यावर तपासणी होऊन मिळते. पालकांना यातले काहीच ठाऊक नसते. परवानगी आणि मान्यता यांतला फरक त्यांना समजावून सांगावा. शिवाय २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात नोंदणीसाठी आणि एमडीएस प्रवेशासाठी सर्वांना एकच एक्झिट टेस्ट ठेवली आहे. ती परीक्षा तुमचे कॉलेज किती चकचकीत होते, हे विचारणार नाही.

आता पैशांचे बोलू. समजा, नव्या कॉलेजसाठी वीस लाखांचे कर्ज काढले. साडेदहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याचा हप्ता सुमारे २७ हजार येतो, आणि शिकत असतानाच्या काळात साचलेले व्याज त्यात धरलेले नाही. दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये नोकरी करणाऱ्या नव्या बीडीएसला आपण काय देतो, हे आपल्याला माहीत आहे. अनेक ठिकाणी तो पगार या हप्त्याएवढाही नसतो. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह, दुकानाची अनामत हे सगळे नंतरचे. असा डॉक्टर जेव्हा पहिल्यांदा एकट्याने निदान करतो, तेव्हा जिथे फिलिंग पुरले असते तिथे रूट कॅनाल आणि कॅप सुचवण्याचा मोह त्याच्यासमोर उभा असतो. तो वाईट माणूस असतो असे नाही. त्याच्या डोक्यावर हप्ता असतो. पण त्याचे मोल पेशंट मोजतो, आणि लोकांचा दंतवैद्यावरचा विश्वास उडाला की त्याचा फटका आपल्या सगळ्यांना बसतो. कॉलेज निवडीचा हा प्रश्न म्हणूनच फक्त त्या घरापुरता नाही.

एक गोष्ट पालकांना आवर्जून सांगा. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी असलेल्या घरांतील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातील मुलींना २०२४-२५ पासून महाराष्ट्रात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून खासगी विनाअनुदानित कॉलेजात गेलेल्या मुलींनाही ते लागू होते. अभिमत विद्यापीठे आणि व्यवस्थापन कोटा मात्र यात येत नाही. एखाद्या घराचा सगळा हिशेब या एका माहितीने बदलू शकतो.

नवे कॉलेज योग्य ठरते अशीही स्थिती असते. आसपास पन्नास किलोमीटरवर दातांचे दुसरे रुग्णालय नाही, संस्थेचे स्वतःचे गजबजलेले जनरल हॉस्पिटल आहे आणि शासकीय सेवेतून निवृत्त झालेले दोन-तीन कसलेले शिक्षक तिथे खरोखर रोज येतात, तर त्या कॉलेजला संधी द्यावी. पण हे माहितीपुस्तिकेवरून कळत नाही. एखाद्या साध्या कामाच्या दिवशी सकाळी अकराला पालकांनी तिथे जावे, आणि शक्य असेल तर आपणही सोबत जावे. केस पेपरच्या खिडकीसमोर रांग आहे का? फायनल इयरच्या क्लिनिकमध्ये किती खुर्च्यांवर पेशंट आहेत आणि हँडपीस कोणाच्या हातात आहे? प्रवेश कार्यालयापासून दूर, चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना गाठून विचारावे, की आतापर्यंत किती दात काढलेस, कवळीचे पेशंट कोण आणते आणि लॅबचे पैसे कोण भरते. ही मुले खरे सांगतात.

ही धावपळ पालकांना करावी लागू नये, ही आमची मागणी आहे. प्रत्येक कॉलेजने मागच्या वर्षी ओपीडीत आलेले रुग्ण आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांनी स्वतः केलेले उपचार विभागवार आकड्यांत जाहीर करावेत. पीजींचे काम त्यात मिसळू नये. आयोगाने हे सक्तीचे करावे. तोपर्यंत आपापल्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघटनांमधून हा आकडा मागायला सुरुवात करा. जुनी कॉलेजे आणि नवी कॉलेजे, दोघांकडूनही.