सातबाऱ्यावर तिचं नाव कुठाय?

पुण्यात कौटुंबिक न्यायालयात फारकतीचा दावा लागला, की पोटगीवर घासाघीस होते. वाटणीचं कुणी काढत नाही, कारण तसा कायदाच नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं 27 वं कलम बोलतं ते लग्नाच्या वेळी दोघांना मिळालेल्या सामाईक वस्तूंचं. म्हणजे भांडीकुंडी, कपाट, पलंग. पुढं 20 वर्षं तिनं खुरपलं, धारा काढल्या, विहिरीचं कर्ज फेडलं. हिंजवडी-वाघोलीकडं त्याच रानाचे कोटी झाले. सातबारा मात्र एकट्या नवऱ्याचा! पोटगी म्हणजे पोटापुरतं; कष्टाचा वाटा वेगळा.

म्हणे, बाईला वाटा दिला तर घरं मोडतील. अहो, गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी धरतात. तिथं काय सगळी घरं मोडली? आणि शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा आपल्याच शेतकऱ्यांनी आपखुशीनं बायकांच्या नावावर जमिनी केल्या. त्यांचे संसार बुडाले नाहीत.

सरकारनं गोव्याची रीत इकडं आणावी. तोवर तलाठ्याकडं जायला कुणी अडवलंय? घरात गोडी आहे तवरच नाव लावा. भांडण झाल्यावर कोण लावतंय?