गोंदणाची सुई

महाशिवरात्रीस अकोल्यात अगस्ती ऋषींच्या देवस्थानी यात्रा भरते. यात्रा म्हटली की गोंदणारा आलाच. गोंदण हा मेल्यावरही सोबत जाणारा एकमेव दागिना, अशी तालुक्यातील आदिवासी बायाबापड्यांची जुनी श्रद्धा आहे. तिची टवाळी करण्याचे कारण नाही. प्रश्न सुईचा आहे.

एकच सुई दहा हातांवर फिरली, तर ‘बी’ आणि ‘सी’ प्रकारच्या काविळीचे व एचआयव्हीचे विषाणूही तिच्यासोबत फिरू शकतात. ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो, सुई नुसती पुसून भागत नाही. सीलबंद सुई गिऱ्हाइकादेखत फोडावी, शाई दर वेळी नव्या टोपणात घ्यावी, हातमोजे बदलावेत. जो एवढेही करीत नाही, त्याच्यापुढे हात करू नये. सोनारानेच कान टोचावे, हे खरे. पण त्याची तार निर्जंतुक आहे काय, हे कोण विचारतो?

मात्र ‘गिऱ्हाइकाने सावध राहावे’ एवढ्यावर थांबणे ही बाजाराची सोयीस्कर नीती झाली. नव्या सुईचे पैसे गोंदणाऱ्याला आज मोजावे लागतात; जुन्या सुईच्या रोगाचे गिऱ्हाईक अनेक वर्षांनी मोजते. मजुरीच्या पैशातून नाव गोंदवणारी मुलगी पारख करणार कशी? तेव्हा यात्रेत जागेची पावती फाडतानाच नव्या सुईची अट घातली जावी, यासाठी कार्यकर्त्यांनी आतापासून पाठपुरावा करावा. काविळीच्या मोफत तपासणी व उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रम 2018 पासून आहे. त्याची तपासणी यात्रेच्या मैदानातच मागावी.