लेकुरवाळ्या विद्यार्थ्यांची परीक्षा : मुक्त विद्यापीठास खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक

विषय : लहान मुलांच्या पालकांचे पुन्हा सुरू झालेले शिक्षण आणि त्यासाठी लागणाऱ्या सोयी



लग्न, बाळंतपण किंवा घरची ओढाताण यांत सुटलेले शिक्षण पुन्हा हाती धरले जाते ते बहुधा नोकरीच्या अटीमुळे. अंगणवाडी सेविकेच्या नव्या भरतीला आता बारावी उत्तीर्ण असावे लागते. परिचारिकांचा दोन वर्षांचा एएनएम आणि तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रमही बारावीनंतरच. राज्यसेवेसाठी पदवी लागते. दहावी-बारावी राहिली असेल, तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून देता येते. त्यापुढच्या पदवीसाठी राज्यातला रुळलेला रस्ता म्हणजे मुक्त विद्यापीठ.

१९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने वय, अंतर आणि रोजची हजेरी हे तीन अडथळे बाजूला केले. तरीही संपर्कसत्र, प्रात्यक्षिक आणि लेखी परीक्षा यांसाठी घर सोडावेच लागते. पालकांची खरी अडचण इथे सुरू होते, आणि ती मुलाच्या वयाप्रमाणे बदलते.

अंगावर पिणाऱ्या बाळाला दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते. पेपर तीन तासांचा, त्याआधी अर्धा तास हजर राहायचे आणि तालुक्याच्या गावाहून येण्याजाण्याचा वेळ वेगळा. म्हणजे पाच-सहा तास सहज जातात. मग आजी नाहीतर मावशी बाळाला घेऊन परीक्षाकेंद्राच्या व्हरांड्यात बसते. बाळाचे रडणे वर्गात ऐकू येत असते आणि आई उत्तर अर्धे टाकून पुढच्या प्रश्नाकडे वळते. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला अंगणवाडीतून आहार मिळतो, पण दिवसभर सांभाळणारे कोणी मिळत नाही. तीन ते सहा वर्षांचे मूल अंगणवाडीत काही तास रमते. संपर्कसत्र रविवारी असले, की त्या दिवशी अंगणवाडी बंद. शाळेत जाणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी : विद्यापीठाची परीक्षा मे महिन्यात आली, तर शाळेला सुट्टी लागून ते दिवसभर घरी असते.

या पालकांसाठी असलेल्या तरतुदी विखुरलेल्या आहेत. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. पण ही तरतूद नोकरदार स्त्रीसाठी आहे, विद्यार्थिनीसाठी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत पीएचडी करणाऱ्या स्त्रीला २४० दिवसांपर्यंतची प्रसूती व बालसंगोपन रजा आहे. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींच्या प्रसूती रजेचे व हजेरीतील सवलतीचे नियम मात्र आयोगाने डिसेंबर २०२१च्या पत्राने विद्यापीठांवर सोपवले. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी पाळणाघरे आहेत; ती रोज कामावर जाणाऱ्या आईचा विचार करून आखलेली आहेत, वर्षातून काही दिवस परीक्षेला जाणाऱ्या आईचा नव्हे. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) श्रेयांक बँकेत जमा होऊन कमाल सात वर्षे ग्राह्य राहतात, त्यामुळे मध्येच थांबलेले शिक्षण वाया जात नाही. मात्र या मुदतीत दोन बाळंतपणे आली, तर सात वर्षेही अपुरी पडू शकतात.

शिकणाऱ्याची वेळ पाहून शाळेची वेळ ठरवणे महाराष्ट्राला नवे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५मध्ये शेतकरी व मजुरांसाठी रात्रशाळा काढली, कारण ते लोक दिवसा कामावर असत. त्याच न्यायाने लेकुरवाळ्या विद्यार्थ्यांची सोय लावता येईल, आणि त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. परीक्षाकेंद्रातली एक वेगळी खोली, सतरंजी, पिण्याचे पाणी आणि मुले सांभाळणाऱ्या दोन प्रशिक्षित सेविका एवढ्यावर त्या दिवसाचे पाळणाघर चालते. दिव्यांग परीक्षार्थींना तासाला २० मिनिटे जादा वेळ देण्याची पद्धत रूढ आहे. बाळाला पाजण्यात गेलेला वेळ त्याच धर्तीवर भरून देता येईल. प्रात्यक्षिकांसाठी किमान दोन तुकड्या ठेवून निवड विद्यार्थ्यावर सोडावी. बाळंतपणामुळे राहिलेला पेपर पुढच्या सत्रात पुन्हा शुल्क न घेता देता यावा. पाळणाघराची सोय वडिलांनाही मिळावी. रात्रपाळी करून पदवी पुरी करणारा, पत्नीही कामावर असलेला बाप याच अडचणीतून जातो.

यापैकी काही गोष्टी काही केंद्रांवर समजूतदारपणे होतही असतील. पण केंद्रप्रमुखाच्या मर्जीवर चालणारी सोय विद्यार्थ्याला आधीपासून गृहीत धरता येत नाही. तिला नियमाचे रूप लागते. नियम करायचा तर पालकांसोबत किती मुले कोणत्या केंद्रावर येणार, हे आधी कळायला हवे. म्हणून विद्यापीठाने येत्या परीक्षेच्या अर्जात ‘सोबत येणाऱ्या मुलाचे वय’ हा एक रकाना घालावा आणि त्या आकड्यांवरून पाळणाघरांची केंद्रे ठरवावीत, ही विनंती.

कळावे.

विद्यापीठाचा एक हितचिंतक