कॅमेरा आहे, मग फुटेज कुठे आहे?

मुंब्रा, राबोडी किंवा कल्याणच्या दूधनाक्यावर सीसीटीव्हीचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. ‘आपल्यावर पाळत ठेवतात’ किंवा ‘बरं झालं, चोऱ्या थांबतील.’ दोघांचीही नजर खांबावरच्या कॅमेऱ्यावर. पण सत्ता असते ती डीव्हीआर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे.

हिशेब साधा आहे. चार कॅमेरे, प्रत्येकी 2 एमबीपीएस, म्हणजे दिवसाला सुमारे 86 जीबी. 1 टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुन्या चित्रीकरणावर नवे चढते. कुणाला काही पुसावे लागत नाही. आपण गप्प बसलो की पुरावा आपोआप जातो.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतले 15 दिवसांचे फुटेज गायब असल्याचे तत्कालीन शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितले. त्याच वर्षी फेब्रुवारीत उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये गोळीबार झाला. कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. ते फुटेज मात्र लगेच घराघरांतल्या टीव्हीवर दिसले. म्हणजे ठाण्यातला कॅमेरा चालतो, फुटेज निघते. मग सामान्य माणसाच्या वेळीच ते का निघू नये?

हा उपकाराचा मामला नाही. परमवीर सिंग सैनी खटल्यात 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला: प्रत्येक ठाण्याच्या प्रवेशद्वारावर, कोठडीत, व्हरांड्यात कॅमेरे हवेत, आवाजासह चित्रीकरण 18 महिने, ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष जपायचे. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रमुखाची. मानवी हक्कांचा भंग झाला तर फुटेज जतन करून घेण्याचा पीडिताला हक्क आहे, असा स्थानिक भाषेतला फलकही लावायचा. तरीही सप्टेंबर 2025 मध्ये बंद कॅमेऱ्यांची दखल न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली.

‘आमचं कोण ऐकणार?’ हे वाक्य आता पुरे. आपल्या ठाण्यात तो फलक आहे का, बघा. काही घडले तर त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा लिहून फुटेज जतन करण्याचा अर्ज द्या, पोच घ्या, प्रत मानवी हक्क आयोगाला पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेल्या क्लिपवर विसंबू नका. न्यायालयात अशा प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते.

पाळतीची तक्रार जरूर करा. पण ज्या कॅमेऱ्याने आपल्याला पाहिले, त्याची साक्षही मागा. आणि डिस्क भरायच्या आत मागा.