तिकिटासोबत मिळणारा अर्धा तास

सोमवारची मधुमेहाची ओपीडी. दाराबाहेर रांग, टेबलावर केसपेपरांची चळत. पंचेचाळिशीतले एक गृहस्थ समोर येऊन बसले. खासगी कार्यालयात हिशेबाचं काम करणारे. चार-पाच वर्षं त्यांची साखर सीमारेषेवर होती, ती आता रेषेच्या बरीच पलीकडे गेली होती. वजन दोन वर्षांत सहा किलोंनी वाढलं होतं. मी नेहमीचे प्रश्न विचारले. गोड वाढलं का? नाही. रात्रीचं जेवण उशिरा होतं का? पूर्वीसारखंच. कामाच्या वेळा बदलल्या? नाही. मग दोन वर्षांत बदललं तरी काय? थोडा विचार करून ते म्हणाले, "साहेब, गाडी घेतली आणि शुगर लागली."

गाडी म्हणजे दुचाकी, हप्त्यांवर घेतलेली. त्याआधी ते वारज्याहून बसनं डेक्कनला यायचे आणि तिथून चालत कार्यालयात जायचे. संध्याकाळी तेच उलट. आता जिन्याखाली लावलेली गाडी काढायची आणि कार्यालयाच्या दारात उभी करायची, एवढंच चालणं उरलं होतं.

एका रुग्णावरून सिद्धान्त मांडू नये, हे आम्हाला वैद्यकीय शिक्षणात सुरुवातीलाच शिकवतात. या गृहस्थांच्या आईला मधुमेह होता, वयही वाढत होतं. दुचाकी नसती घेतली तरी साखर वाढली असती कदाचित. मी औषध वाढवलं आणि गेली पंचवीस वर्षं सांगतोय तेच सांगितलं, "रोज अर्धा तास चालायला हवं." केसपेपर उचलता उचलता त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही कसे येता, साहेब?"

मी कारनं येत होतो. त्याच महिन्यात माझी स्वतःची उपाशीपोटीची साखर ११२ आली होती. यातलं काहीच मी त्यांना सांगितलं नाही. "पुढचा!" म्हणालो.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. आठवड्यातले निदान चार दिवस मी बसनं रुग्णालयात येतो. वाचकांनीही ते करून पाहावं, असं मला का वाटतं ते आज सांगायचं आहे.

अर्ध्या तासाचं गणित

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. भरभर चालणं हा त्याचा सर्वांत सोपा प्रकार. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. पूर्वी असं म्हटलं जायचं की, व्यायाम सलग दहा मिनिटं तरी झाला पाहिजे, तरच तो धरायचा. संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ही अट काढून टाकली आहे. तुकड्या-तुकड्यांनी केलेली हालचालही मोजली जाते.

आता बसच्या प्रवासाकडे पाहा. माझ्या घरापासून स्टॉप सात मिनिटांवर. उतरल्यावर रुग्णालय आठ मिनिटांवर. जाऊन-येऊन तीस मिनिटं. आठवड्याचे पाच दिवस धरले तर बरोबर १५०. यासाठी पहाटेचा गजर नाही, जिमची फी नाही, आणि 'आज कंटाळा आला' म्हणायची सोय नाही. घरी परतायचं तर स्टॉपपर्यंत चालावंच लागतं. माझ्या मते खरी गंमत इथंच आहे. चालायला सांगितलेल्या रुग्णांपैकी बहुतेक जण महिनाभरात थांबतात, कारण चालणं हे त्यांच्या दिवसातलं जास्तीचं काम असतं. बसचा प्रवासी मात्र व्यायाम करतोय हे विसरून व्यायाम करत असतो.

हा माझा एकट्याचा अनुभव नाही. अमेरिकेत २००१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय प्रवास पाहणीतून असं दिसलं की, बस किंवा रेल्वेनं जाणाऱ्यांचं केवळ त्या प्रवासापायी रोज साधारण १९ मिनिटं चालणं होतं. त्यांतल्या २९ टक्के लोकांचा अर्ध्या तासाचा कोटा तेवढ्यातच पूर्ण होत होता. ब्रिटनमध्ये सुमारे ४,००० नोकरदारांच्या माहितीचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कार सोडून चालत, सायकलनं किंवा सार्वजनिक वाहनानं जाऊ लागलेल्यांचं वजन सरासरीनं थोडं उतरलं होतं आणि उलट बदल करणाऱ्यांचं जवळपास तितकंच वाढलं होतं. फरक माणशी किलोभराचा, म्हणजे लहानच. पण तो प्रवासाची पद्धत बदलण्यासोबत दिसला होता. 'गाडी घेतली आणि शुगर लागली' म्हणणाऱ्या माझ्या रुग्णाची आठवण मला हा अभ्यास वाचताना झाली.

ड्रायव्हर आणि कंडक्टर

व्यायाम आणि हृदय यांचं नातं विज्ञानाला पहिल्यांदा नीट कळलं तेही बसमध्येच, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराच्या झटक्यांचं प्रमाण वाढू लागलं होतं आणि कारण समजत नव्हतं. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांची माहिती गोळा केली. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर, एकाच संस्थेत, साधारण सारख्याच परिस्थितीत राहणारे. फरक एवढाच की, ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून असायचा आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाच-सातशे पायऱ्या चढायचा. १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मॉरिस यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, झाला तरी उशिरा होत होता आणि तो कमी जीवघेणा ठरत होता.

शंका घेणाऱ्यांनी शंका घेतलीच. जाडजूड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिस यांनी मग या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापं मिळवली आणि कमरेचा घेर तपासला. ड्रायव्हर कमरेनं खरोखरच रुंद निघाले, नोकरीच्या सुरुवातीपासून. पण सडपातळ ड्रायव्हर आणि सडपातळ कंडक्टर, स्थूल ड्रायव्हर आणि स्थूल कंडक्टर अशी तुलना केली तरीही कंडक्टरचं पारडं जडच राहिलं. मॉरिस स्वतः वयाच्या नव्व्याण्णव्या वर्षापर्यंत जगले. २००९ मध्ये त्यांचं निधन झालं.

तेव्हाचा ड्रायव्हर हा अपवाद होता. आज शहरातला प्रत्येक नोकरदार स्वतःचा ड्रायव्हर झाला आहे. कार्यालयात आठ तास खुर्चीत, जाता-येता दोन तास गाडीवर, घरी आल्यावर सोफ्यावर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयसीएमआर-इंडिआब' या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी लोक उंबरठ्यावर आहेत. याची कारणं अनेक आहेत, खाण्यापिण्यातली तर मोठीच. पण आपण चालायचं कुठं कुठं सोडून दिलं, याचा हिशेबही मांडायला हवा.

दुसरा हिशेब अपघात विभागातला आहे. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४५ टक्के दुचाकीवरची होती. रात्रपाळीला काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला ही टक्केवारी सांगावी लागत नाही. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, डोक्याला मार आणि बाहेर बाकावर बसलेले आईवडील. हे चित्र ज्यानं पाहिलं आहे, त्याला बसमधली गर्दी फारशी खुपत नाही.

'डॉक्टर, तुम्हाला सांगायला काय जातं?'

मी हे ओपीडीत सांगतो तेव्हा लोक ऐकून घेतात आणि मग खरं बोलतात. बस वेळेवर येत नाही. आली तर भरून येते. स्टॉपपर्यंत फुटपाथ नाही आणि असलाच तर त्यावर गाड्या लावलेल्या असतात. मुलांना शाळेत सोडून कामावर जायचं असतं. आमच्याच वॉर्डातल्या एका सिस्टर म्हणाल्या, "रात्री नऊला ड्यूटी संपल्यावर त्या अंधाऱ्या स्टॉपवर तुम्ही उभे राहाल, सर. मी कशी राहू?"

यातलं काहीही खोटं नाही. त्या सिस्टरनी दुचाकीनंच जावं, असं मी म्हणेन. तान्ह्या मुलाला घेऊन दोन बस बदला, असं मी कुणाला सांगणार नाही. माझं सांगणं आहे ते माझ्यासारख्यांना. ज्यांचं घर स्टॉपपासून दहा मिनिटांच्या आत आहे, ज्यांची कामाची वेळ दिवसाची आहे, ज्यांना वीस मिनिटं आधी निघणं शक्य आहे आणि ज्यांच्या दारात गाडी आहे म्हणूनच जे ती काढतात, त्यांना. अशांची संख्या आपण समजतो त्यापेक्षा खूप मोठी आहे.

आणि याच लोकांनी बसमध्ये यायला हवं, याला आणखी एक कारण आहे. सरकारी रुग्णालयात आयुष्य काढल्यामुळे ते मला जवळून माहीत आहे. ज्या सेवेचा वापर फक्त नाइलाज असलेले लोक करतात, त्या सेवेसाठी वरच्या दारात भांडायला कोणी उरत नाही. ज्यांच्या शब्दाला वजन आहे ते खासगीकडे निघून जातात आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला लांब रांग येते. बसचंही तेच होतं. स्टॉपवर ज्या दिवशी वकील, प्राध्यापक, अधिकारी आणि हो, डॉक्टरही उभे राहतील, त्या दिवशी स्टॉपवरच्या दिव्याची तक्रार लवकर ऐकली जाईल. तो दिवा त्या सिस्टरच्याही उपयोगाचा असेल.

प्रशासनाकडे मागायचं ते डॉक्टर म्हणूनच मागतो. जून २०२५ मध्ये पुण्यात बसचं किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झालं. त्याच्या महिनाभर आधी मुंबईत बेस्टच्या साध्या बसचंही तसंच झालं होतं. डिझेल, पगार, तोटा ही कारणं मला कळतात. पण भाडं वाढलं की कडेवर असलेला प्रवासी दुचाकीच्या हप्त्याचा हिशेब करू लागतो आणि काही वर्षांनी त्यातला एखादा आमच्या ओपीडीत येतो. मधुमेहाचा रुग्ण आयुष्यभर औषधं घेतो. पुढं डोळे, मूत्रपिंड, पाय यांचा खर्च येतो आणि तोही बहुधा सरकारी तिजोरीतूनच जातो. बसचा तोटा एका खात्यात मांडला जातो, आजारांचा खर्च दुसऱ्या. दोन्ही वह्या एकत्र उघडल्या तर बस इतकी तोट्यात दिसणार नाही. म्हणून स्टॉपवर छप्पर, उजेड आणि बसायला जागा, स्टॉपपर्यंत मोकळा फुटपाथ आणि दर काही मिनिटांनी येणारी बस या गोष्टी मी आरोग्याच्या सोयी मानतो.

सुरुवात करताना

दोन दिवसांपासून सुरुवात करा. मंगळवार आणि गुरुवार, असे वार ठरवून टाका. पायात चांगले बूट हवेत. मधुमेह जुना असेल आणि पायांना बधिरपणा असेल तर चपला घालून लांब चालू नका आणि रात्री तळपाय तपासा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर उपाशी निघू नका आणि खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवा. थोडं चालल्यावर छातीत दडपण येत असेल, दम लागत असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. तोल जात असेल तर उभ्यानं प्रवास टाळा. उन्हाळ्यात पाण्याची बाटली हवी. आणि सुटलेल्या बसमागे कधीही धावू नका. पुढची येते.

परवा ते गृहस्थ तपासणीला आले होते. त्यांनी गाडी विकलेली नाही. आठवड्यातून तीन दिवस बसनं जातात, उरलेले दिवस गाडीनं. वजन तीन किलोंनी उतरलं आहे, साखर बरीच आटोक्यात आहे. औषधही वाढवलं होतं, त्यामुळे श्रेय कुणाचं किती हे मला सांगता येणार नाही. माझी साखर ११२ वरून १०३ वर आली आहे. तिचंही तसंच.

जाताना त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मी खिशातून सकाळचं तिकीट काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उचलून पाहिलं आणि म्हणाले, "एक स्टॉप आधी उतरत जा, साहेब. तिथला फुटपाथ चांगला आहे."